चित्र होत जातं तेव्हा

मुंबईचं जहांगीर कलादालन असो की एखाद्या छोट्या गावातल्या सभागृहात भरलेलं प्रदर्शन, अमूर्त चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘हे तर आमचा बंड्याही काढेल!’ वाक्य थट्टेचं असतं, पण त्यात थोडी चीडही असते. समोर झाड नाही, घर नाही, बाई नाही, बैल नाही. नुसता पिवळा रंग, त्यात कुठे कुठे विटकरी डाग आणि खाली चिठ्ठीवर मोटारगाडीएवढी किंमत. आपल्याला कोणीतरी बनवतंय असं वाटलं, तर त्यात बघणाऱ्याचा दोष नाही.

गंमत अशी, की बंड्या ते खरंच काढतो. तीन वर्षांचं पोर जमिनीवर पालथं पडून कागदावर गोल गोल गिरवत असतं, तेव्हा त्याच्याकडे जरा नीट बघावं. तोंडाने आवाज चालू असतो, जीभ बाहेर आलेली असते, जेवायला बोलावलेलं ऐकू येत नाही. ‘हे काय काढलंस?’ असं विचारलं तर आपलं समाधान व्हावं म्हणून ते ‘हत्ती’ म्हणतं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाची ‘आगगाडी’ झालेली असते. त्याला रस असतो तो चित्र होण्यात. झालेल्या चित्राचं काय करायचं, ही काळजी मोठ्यांची.

पुढे शाळा सुरू होते. रंग रेषेबाहेर जाता कामा नये, आंबा आंब्यासारखाच दिसला पाहिजे, पाटावरच्या तांब्याची सावली उजवीकडेच पडली पाहिजे. महाराष्ट्रात तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांनी चित्रकलेलाही श्रेणी चिकटवली. या परीक्षांनी अनेकांचे हात तयार केले, हे नाकारता येणार नाही. पण ज्याला ‘क’ श्रेणी मिळाली त्याने रंगपेटी माळ्यावर टाकली ती कायमची. आज चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसं ‘मला चित्रकला येत नाही’ असं छातीठोकपणे सांगतात. त्यांना येत नाही ती नक्कल. रंगांशी खेळणं त्यांनी करूनच पाहिलेलं नसतं.

खरं तर अमूर्ताचं आपल्याकडे कधीच वावडं नव्हतं. शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांच्या अर्धगोलांची एकाशेजारी एक रांग उमटते, तिच्याकडे पाहून कोणी ‘हे कशाचं चित्र?’ असं विचारत नाही. गोधडी शिवताना आजी जुन्या लुगड्याच्या तुकड्याशेजारी शर्टाची निळी पट्टी लावते. का लावली, तर ‘बरं दिसतं म्हणून.’ तिथे विषय संपतो. तीच गोधडी चौकटीत घालून भिंतीवर टांगली, की मात्र अर्थ शोधायला सुरुवात होते.

मग बंड्यात आणि मुरलेल्या चित्रकारात फरक कोणता? एक तर सरळ आहे. बंड्या थांबत नाही. कागदाला भोक पडेपर्यंत गिरवतो. कुठे थांबायचं, आणि त्याआधी किती थांबायचं, हे शिकण्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं.

वर्षाला पाच-सहा चित्रं

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. मुलाने चित्रकार व्हावं हे वडिलांना पसंत नव्हतं. गायतोंडे तरीही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले. सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, लघुचित्रांची आठवण करून देणारे सपाट, तेजस्वी रंग आहेत. मग पॉल क्लेच्या चित्रांनी त्यांना ओढलं. पुढे चित्रातली माणसं गेली, वस्तू गेल्या, हळूहळू रेषाही गेली. उरला रंग आणि त्या रंगातून आतून आल्यासारखा वाटणारा उजेड.

१९५७ साली तोक्योत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री मिळाली. त्यानंतर मुंबई सोडून ते दिल्लीत निजामुद्दीनला भाड्याच्या छोट्या जागेत राहू लागले. एवढं वाचल्यावर वाटेल, की हा माणूस सकाळ-संध्याकाळ रंगात बुडालेला असणार. प्रत्यक्षात गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहा चित्रं करीत. बाकीचा वेळ विचार करण्यात, संगीत ऐकण्यात, वाचण्यात आणि नुसतं बसण्यात जाई. शेजारच्या एखाद्या कर्त्या बाईने पाहिलं असतं तर ‘काही कामधंदा नाही वाटतं’ म्हणून ती मोकळी झाली असती!

पण हे बसणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. झेन विचाराशी त्यांची जवळीक होती. आधी मन निवळू द्यायचं आणि मग हात उचलायचा, असा त्यांचा क्रम. कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर मात्र ते कुंचल्यावर फारसे विसंबत नसत. रंग पसरायला रोलर, खरवडायला रंगाची सुरी. ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले कपटे दाबायचे, त्यांच्याबरोबर रंग उचलला जाई, कुठे खालचा थर उघडा पडे, कुठे कपट्यावरचा रंग कॅनव्हासवर उतरे. त्यावर पुन्हा पातळ थर.

इथे तैलरंगाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. पाण्यातला रंग पाणी उडालं की वाळतो. तैलरंगातलं जवसाचं तेल मात्र हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतं. त्याला काही दिवस, जाड थर असेल तर आठवडे लागतात. म्हणजे थरावर थर देणाऱ्या चित्रकाराला रंगच थांबायला लावतो. दोन थरांमधल्या त्या दिवसांत तो चित्राकडे बघत राहतो. काल जे फार छान वाटलं होतं ते आज भडक वाटतं, जे चुकून उमटलं होतं तेच ठेवावंसं वाटतं. गायतोंडेंच्या चित्रांतला तो खोल, पाण्याखालून आल्यासारखा उजेड या बघण्यातून आणि थांबण्यातून तयार झाला आहे. त्यांना आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणं फारसं रुचत नसे. आपली चित्रं कोणत्याही वस्तूवरून निघालेली नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही.

वर्षाला पाच-सहा चित्रांवर संसार चालत नाही, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. गायतोंडेंनी लग्न केलं नाही. माणसांत ते फारसे मिसळलेही नाहीत. अशा एकट्याने जगणाऱ्या कलावंताचं कौतुक करताना आपण त्याची किंमत विसरतो. ती त्यांनी मोजली होती.

१९८४ साली दिल्लीत त्यांना अपघात झाला. मानेला दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून रोलर फिरवणं काही वर्षं बंद पडलं. ज्या माणसाचं सगळं जगणं त्या एका कामाभोवती उभं होतं, त्याचं काय झालं असेल, याची कल्पना करता येते. या काळात गायतोंडेंनी कागद घेतला, शाई घेतली आणि छोटी छोटी चित्रं केली. कोणत्याही भाषेत नसलेल्या अक्षरांसारख्या दिसणाऱ्या त्या काळ्या खुणा आहेत. मोठं झेपत नाही तर लहान. पुढे ते पुन्हा तैलरंगांकडे वळले, पण पूर्वीइतकं काम झालं नाही. ऑगस्ट २००१ मध्ये ते गेले.

किमतीचा आकडा सांगितल्याशिवाय आपल्याकडे चित्रकाराची ओळख पुरी होत नाही, म्हणून तोही सांगायला हवा. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात गायतोंडेंचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं, आणि पुढच्या लिलावांत त्यांच्या चित्रांनी हा आकडाही मागे टाकला. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभरातल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. त्या प्रदर्शनाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, ‘प्रक्रिया म्हणजे चित्र, जगणं म्हणजे चित्र’. दोन्ही गोष्टी बघायला ते नव्हते. असते तरी वर्षाला सातवं चित्र झालं असतं, असं मानायला काही आधार नाही.

कोऱ्या कागदाची भीती

अमूर्त चित्र करायला बसणाऱ्याची पहिली अडचण हाताची नसते. समोर आंबा ठेवला तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळतं. इथे समोर काहीच नाही. कागद पांढरा शुभ्र, आणि तो बिघडवण्याचं धाडस होत नाही.

या पांढऱ्या शुभ्र भीतीवर मराठीत एक अख्खं पुस्तक आहे. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’. ते १९९० साली प्रसिद्ध झालं. बरवे अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६ चा. जे. जे. मध्ये शिकून ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, काही वर्षं बनारसला होते. म्हणजे नोकरी सांभाळून चित्रं करणारा हा माणूस. त्यांची चित्रं गायतोंडेंसारखी पूर्ण वस्तुहीन नाहीत. त्यांत पान असतं, शंख असतो, घड्याळ असतं, पण त्या वस्तू एकमेकींपासून इतक्या दूर, इतक्या शांत पडलेल्या असतात, की मधली मोकळी जागाच चित्राचा विषय होते. बरवे वह्या ठेवत. सुचलेलं लिहून ठेवत, छोट्या आकृत्या काढून ठेवत. कॅनव्हासपर्यंत पोचण्याआधी चित्र या वह्यांमधून बराच प्रवास करून आलेलं असे. बरवे १९९५ साली वारले. चित्रकाराने आपल्या मनातली घडामोड इतक्या साध्या मराठीत सांगावी, असं फार वेळा घडलेलं नाही. चित्रकलेत रस नसलेल्यांनीही हे पुस्तक मिळवून वाचावं.

एक सरळ रेषा

मुंबईच्या वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाची एक संस्था होती. तिथे पन्नास-साठच्या दशकांत चित्रकारांना, नाटकवाल्यांना, संगीतकारांना काम करायला जागा मिळे. गायतोंडे तिथे काम करीत. नसरीन मोहमदी ही तरुण चित्रकारही तिथे आली. कराचीत १९३७ साली जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या नसरीनना गायतोंडेंचा सहवास फार मोलाचा ठरला.

१९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यांच्या चित्रांतून रंगही गेला. कागद, पेन्सिल, शाई आणि नकाशे काढणाऱ्यांची अवजारं, एवढंच राहिलं. एकाखाली एक सरळ रेषा, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे तिरक्या जाऊन पुसट होणाऱ्या. बघणाऱ्याला कधी समुद्र आठवतो, कधी मागावर ताणलेलं सूत. त्यांनी मात्र तसं काही सांगितलं नाही, चित्रांना नावं दिली नाहीत.

आणि याच नसरीनना मज्जासंस्थेचा असा आजार जडला, की शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत गेला. हातपाय मनाविरुद्ध हलू लागले. अशा अवस्थेत माणूस काय सोडेल? सर्वांत आधी सरळ रेषा सोडेल, असं कोणालाही वाटेल. त्यांनी नेमकी तीच धरून ठेवली. आजार वाढत असतानाच्या काळातली त्यांची रेखाटनं पाहिली, तर रेषा थरथरलेली दिसत नाही. ती आणखी नेमकी, आणखी मोजकी झालेली दिसते. एकेक रेषा ओढायला किती वेळ लागला असेल, त्याआधी हात किती वेळ शांत करावा लागला असेल, ते कागदावर दिसत नाही. मे १९९० मध्ये, ५३ व्या वर्षी, अलिबागजवळ किहीमला त्यांचा अंत झाला. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आधुनिक कलेसाठी नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन मोहमदींचं होतं.

‘चित्रकलेने मन शांत होतं’ असं आपण सहज बोलून जातो. नसरीनच्या बाबतीत ते उलट्या क्रमाने घडत होतं. रेषेसाठी त्यांना रोज नव्याने शांत व्हावं लागत होतं.

घरच्या टेबलावर

आता प्रश्न असा, की ज्यांना ना गायतोंडे व्हायचं आहे ना जे. जे. मध्ये जायचं आहे, त्यांनी यातलं काय घ्यावं? नोकरी, डबे, मुलांचे अभ्यास यांतून आठवड्याला तास-दीड तास निघाला, तर पुष्कळ झालं. कॅनव्हासची मुळीच गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानातला जाड कार्ट्रिज पेपर पुरतो. पोस्टर कलर स्वस्त असतात, पण त्यांची एक खोड आहे. वाळलेल्या थरावर ओला थर दिला, की खालचा रंग विरघळून वर येतो आणि सगळा चिखल होतो. थरांचं काम करून बघायचं असेल तर अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावेत. ते अर्ध्या तासाच्या आत वाळतात आणि एकदा वाळले की पाण्याने हलत नाहीत. तैलरंग आणि टर्पेंटाइनचा उग्र वास लहान घरात, विशेषतः मुलं असतील तिथे, नकोच. रोलर म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानात भिंती रंगवायचा सर्वांत लहान मिळतो, तो चालतो. सुरीऐवजी जुनं टेलिफोन कार्ड किंवा प्लॅस्टिकची पट्टी. वर्तमानपत्र घरात असतंच.

रंग मात्र दोनच घ्यावेत, आणि पांढरा. डबीतले बाराच्या बारा रंग एकदम काढले, की दहा मिनिटांत तपकिरी गाळ उरतो आणि हौस तिथेच संपते. निळा आणि पिवळा घेतला तर त्यांच्यामधले हिरवे किती निघतात, हे बघण्यातच दोन रविवार जातात. एक थर द्यावा. ओला असतानाच त्यावर वर्तमानपत्र दाबून उचलावं. खाली जे उमटतं ते ठरवून काढता येत नाही. कधी शेवाळलेली भिंत, कधी नुसती घाण. आवडलेला भाग तसाच ठेवून बाकीच्यावर दुसरा थर द्यायचा. पावसाळ्यात भिंतीवर आलेल्या ओलीच्या डागांकडे बघत बसा, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे दिसतील, असा सल्ला खुद्द लिओनार्दो द विंचीने आपल्या वहीत चित्रकारांसाठी लिहून ठेवला होता. तेव्हा घराला रंग द्यायचा राहिला असेल, तर त्याचंही एवढं वाईट वाटून घेऊ नये.

ज्यांचं मन एका जागी ठरतच नाही, त्यांच्यासाठी सय्यद हैदर रझा यांची गोष्ट आहे. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते शाळेत होते. पोराचं अभ्यासात लक्ष नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. शिक्षा नव्हती ती, लक्ष लावायचा धडा होता. पुढे रझा पॅरिसला गेले, निसर्गचित्रं केली, नाव कमावलं. आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर तो ठिपका काळा, गोल, भला मोठा होऊन परत आला. तोच त्यांचा प्रसिद्ध ‘बिंदू’. एका काळ्या ठिपक्यापासून सुरुवात करायला कोणाची श्रेणी आड येत नाही.

घरात दुसरी अडचण येते ती माणसांची. ‘हे काय केलंस?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येणारच. पहिले काही कागद कोणाला दाखवू नयेत, हे उत्तम. नवऱ्याला किंवा सासूबाईंना समजावण्यात अर्धी मजा निघून जाते. मुलांना बरोबर घ्यावं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. घेतलं तर त्यांच्या कागदाला हात लावायचा नाही, एवढं पथ्य पाळावं. बंड्या आपल्यापेक्षा सरस करतो आहे असं दिसलं, तर निमूटपणे बघून घ्यावं.

आणि उशीर झाला, हे कारण तर चालण्यासारखंच नाही. वासिली कँडिन्स्की हा रशियन गृहस्थ कायदा शिकला होता, प्राध्यापकीची जागाही समोर आली होती. १८९६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी ती नाकारून तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला, आणि युरोपातल्या अमूर्त चित्रकलेच्या आरंभीच्या मंडळींत गणला गेला. त्यानेच लिहून ठेवलेली एक आठवण आहे. एका संध्याकाळी बाहेरून काम आटोपून तो आपल्या खोलीत आला, तर भिंतीला टेकून एक विलक्षण सुंदर चित्र उभं होतं. कशाचं ते कळत नव्हतं, पण आतून उजळल्यासारखं दिसत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर ते त्याचंच चित्र, आडवं ठेवलेलं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या लख्ख उजेडात त्याने तो आनंद पुन्हा मिळवायचा प्रयत्न केला. पण आता चित्रातल्या वस्तू ओळखू येत होत्या आणि कालची जादू काही सापडेना.

म्हणून कागद वाळल्यावर एक करावं. तो चारही बाजूंनी फिरवून, चार पावलं मागे जाऊन बघावा, आणि शक्य झालं तर एक रात्र तसाच उभा ठेवून सकाळी पुन्हा बघावा. मग मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालावी आणि वरची बाजू कोणती ते दाखवायला एक बाण काढावा. बाण पेन्सिलीनेच काढावा, कारण तो पुढे खोडावा लागण्याची शक्यता फार असते.